ताकद वाढवली आणि गाडी घाटात तापू लागली

वाचकाचं पत्र, थोडक्यात : रत्नागिरी तालुक्यातल्या अठ्ठावीस वर्षांच्या एका वाचकाने लिहिलं आहे. घरी 2014 सालची डिझेल हॅचबॅक आहे, वडिलांच्या नावावर. मूळ ताकद 75 हॉर्सपॉवर. गणपतीनंतर त्यांनी पुण्याला जाऊन इंजिनचं रीमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, करून घेतलं. त्याच वेळी बंपरच्या आत मोठा इंटरकूलर (इंजिनमध्ये जाणारी हवा थंड करणारी जाळी) बसवला आणि एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला. आता गाडी 100 हॉर्सपॉवरच्या आसपास आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. आईला दर महिन्याला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, त्यामुळे आंबा घाट नेहमीचा. दिवाळीत आणि थंडीत त्रास झाला नाही. मार्चपासून घाट चढताना तापमानाचा काटा वर जायला लागला आणि एकदा साखरपा सोडल्यावर चढणीत कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतून पाणी उसळलं. रत्नागिरीच्या बाजारात मात्र एसी लावून गाडी उभी असली तरी काटा मध्यावरच असतो. कूलंट कमी झालं की ते घरच्या विहिरीचं पाणी घालतात. ओळखीच्या मेस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकला, तरी फरक पडला नाही. आता दुसरा एक गॅरेजवाला मोठा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घालायला सांगतो आहे, खर्च तीस हजारांच्या घरात. वडिलांना रीमॅपचं ठाऊक नाही. गाडी जुनी झाली म्हणून तापते, अशी त्यांची समजूत आहे. वाचकाचा प्रश्न : ‘रेडिएटर घालू, की सगळं काढून गाडी होती तशी करू? एवढे पैसे घातल्यावर मागे फिरायचं म्हणजे हरल्यासारखं वाटतं.’

नमस्कार,

तुम्ही पत्र तपशिलात लिहिलंत, त्यामुळे बरंचसं उत्तर तुमच्याच पत्रात सापडतं. ‘दिवाळीत आणि थंडीत त्रास झाला नाही’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे. गाडी तेव्हाही रीमॅप केलेलीच होती. इंटरकूलर होता, कोन फिल्टर होता, आई मागे बसलेली होती आणि घाटही हाच होता. तरी काटा हलला नाही. मग दिवाळी आणि मार्च यांच्यामध्ये काय बदललं?

ऊन वाढलं, हे पहिलं. रस्त्यावरची लाल धूळ सुकून उडायला लागली, हे दुसरं. मधल्या महिन्यांत कूलंटमध्ये विहिरीचं पाणी भरत गेलं, हे तिसरं. आणि तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलं आहे की हंगामात कोल्हापूरला जाताना पाहुण्यांसाठी आंब्याच्या चार-पाच पेट्याही असतात. म्हणजे गाडीत एक माणूस वाढलाच की.

म्हणून ‘रीमॅप केलं म्हणून तापते’ हे तुमचं गृहीतक मला अर्धंच पटतं. प्रत्येक गाडीची थंड करण्याची यंत्रणा गरजेपेक्षा थोडी जास्त क्षमतेची केलेली असते. रेडिएटर थोडा चोंदला, झाकण थोडं सैल झालं, ऊन जरा जास्त पडलं तरी गाडी तापू नये, एवढी सोय कंपनीने ठेवलेली असते. ताकद वाढवताना तुम्ही ती राखीव सोय खर्च केलीत. गाडीत आधीपासून असलेले किंवा हळूहळू वाढत गेलेले बारीकसारीक दोष आता उघडे पडत आहेत. ते दोष आधी शोधायचे आणि ते निघाल्यावर किती वाढीव ताकद ठेवायची ते ठरवायचं, हा माझा सल्ला. रेडिएटरचा प्रश्न त्यानंतरचा.

ताकद आणि उष्णता यांचं नातं आधी समजून घेऊ, कारण त्यावरून निम्मा तपास होतो. डिझेल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला कामी येतो, तेवढाच धुरातून सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेल्यातली बरीच उष्णता कूलंटमध्ये उतरते. ताकद 75 वरून 100 केली, तर पेडल पूर्ण दाबल्यावर कूलंटवर पडणारा बोजाही साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. पण पेडल पूर्ण दाबल्यावरच. सपाटीवर साठच्या वेगाने जाणाऱ्या छोट्या गाडीला पंधरा हॉर्सपॉवरही लागत नाही. तिथे रीमॅप असो वा नसो, उष्णता तेवढीच. त्यामुळे कुणाची गाडी रीमॅपनंतर सिग्नलला उभी असताना तापत असेल, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यात अर्थ नाही. फॅन, त्याची वायरिंग, रेडिएटरपुढे बसवलेल्या वस्तू आणि इंजिनमध्ये अडकलेली हवा, तिथे बघावं. हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात तापत असेल, तर हवा भरपूर मिळते आहे पण पाणी नीट फिरत नाही, म्हणजे रेडिएटर आतून चोंदलेला किंवा वॉटर पंप थकलेला, असा संशय घ्यावा. तुमची गाडी तापते ती तिसऱ्या जागी : वेग कमी, भार पूर्ण आणि हे सलग काही किलोमीटर. साखरप्याहून आंब्याकडे चढताना नेमकं हेच होतं. दुपारी समुद्राकडून येणारा वारा चढणीला आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे आधीच कमी असलेली समोरची हवा आणखी कमी मिळते. सकाळी लवकर घाट चढणाऱ्या गाड्यांना म्हणूनही कमी त्रास होतो.

आता थर्मोस्टॅट. तुमच्या मेस्त्रींचा हेतू चांगलाच असणार. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढायचा, ही आपल्याकडची फार जुनी पद्धत आहे. पण तो परत बसवा आणि सगळ्यात आधी तेच काम करा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो. तुमचा काटा वर जातो तेव्हा तो चांगला असेल तर केव्हाच पूर्ण उघडलेला असतो, त्यामुळे तो काढून चढणीत काहीच हाती लागत नाही. तो अडकून बसत असेल, तर नवा घालायचा. उलट बऱ्याच इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या बाजूने बायपासची वाट बंद करतो. तो नसला की ती वाट कायम उघडी राहते आणि काही गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनमध्ये फिरत राहतं. शिवाय सपाटीवर इंजिन हवं तेवढं तापत नाही. संगणकाला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो डिझेल जास्त सोडतो आणि इंजिनची झीज वाढते. खरा, योग्य तापमानाचा थर्मोस्टॅट घाला. मोठ्या रेडिएटरच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे.

विहिरीचं पाणी आजपासून बंद. तुमचं गाव किनाऱ्याला लागून आहे. उन्हाळ्यात अशा विहिरींचं पाणी मचूळ होतं, आणि त्यातलं मीठ अ‍ॅल्युमिनियमला आतून खातं. पाणी उकळलं की क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतात आणि दर वेळी थोडं पाणी घातलं की कूलंटमधलं गंजरोधक द्रव्य पातळ होत जातं. सगळं जुनं पाणी काढून, डिस्टिल्ड वॉटरने आतून धुऊन, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट भरा. सुटं कूलंट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. हिरवं आणि लाल एकमेकांत मिसळू नका. वेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र आली की कधी कधी गाळ धरतो. भरून झाल्यावर आत अडकलेली हवा काढायला सांगा. ती राहिली तर नवं कूलंट घालूनही गाडी तापते आणि मग भलत्याच भागावर संशय जातो.

पण त्याआधी एक प्रश्न : कूलंट कमी का होतं? ते बंद यंत्रणेत फिरतं, पेट्रोल-डिझेलसारखं संपायची वस्तू नाही. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवर पातळीची रेघ मार्करने काढा आणि रोज सकाळी बघा. घाट न चढताही पातळी खाली जात असेल, तर ते कुठेतरी गळतंय किंवा इंजिनच्या आत जातंय. होस पाइपांच्या जोडांवर आणि वॉटर पंपाखाली सुकलेला रंगीत डाग दिसतो का बघा. डिझेल गाड्यांत ईजीआरचा (थोडा धूर परत इंजिनमध्ये फिरवणाऱ्या यंत्रणेचा) कूलर आतून फुटूनही कूलंट जातं आणि बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही.

टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण बदलून टाका, ते चांगलं दिसत असलं तरी. त्याचं काम घरच्या कुकरच्या झाकणासारखंच आहे : दाब धरून ठेवायचा, म्हणजे आतलं पाणी उशिरा उकळतं. उघड्यावर पाणी 100 अंशांना उकळतं, आणि वर साधारण एक बार दाब असला की 120 च्या आसपास. रबर कडक झालेलं झाकण तो दाब धरत नाही. मग इंजिन काही फार तापलेलं नसतानाही पाणी उसळून बाहेर येतं. साखरप्याच्या पुढे तुम्हाला जे दिसलं, ते हेही असू शकतं.

यानंतर टॉर्च घेऊन गाडीच्या पुढ्यात बसा. या तपासाला पैसे लागत नाहीत आणि कोकणातल्या गाड्यांत सगळ्यात जास्त सापडतं ते इथेच. ग्रिलच्या मागे आधी तुमचा नवा इंटरकूलर, त्यामागे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, आणि त्याच्या मागे, जेमतेम दोन बोटांच्या फटीपलीकडे, रेडिएटर. इंजिनच्या बाजूने कुणाला तरी टॉर्च धरायला सांगा आणि समोरून बघा. उजेड जाळीसारखा आरपार दिसला पाहिजे. बहुतेक वेळा पुढचा कंडेन्सर स्वच्छ दिसतो, कारण गाडी धुताना त्यावर पाणी जातं. मधल्या फटीत मात्र जांभ्याची लाल माती, पाखरांची पिसं, मेलेले किडे आणि पावसाळ्यातला चिखल एकत्र सुकून थर झालेला असतो. तो थर पुढून दिसत नाही आणि पुढून धुऊन निघतही नाही. तो इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या पाण्याने, सावकाश धुवायचा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने जवळून मारलं तर पातळ पत्र्या वाकतात आणि आहे ती हवाही अडते. बोटाने दाबल्यावर पत्र्यांचा भुगा होत असेल, तर खाऱ्या हवेने तो रेडिएटर खाल्ला आहे. मग नवा घालाच, पण मूळ मापाचा.

तिथेच आणखी एक गोष्ट बघा. इंटरकूलर बसवताना जागा होत नाही म्हणून बंपरच्या आतले काळे प्लास्टिकचे पडदे आणि फोमच्या पट्ट्या बऱ्याच ठिकाणी काढून फेकतात. ते शोभेचे नसतात. समोरून आलेली हवा रेडिएटरमधूनच जावी, बाजूने निसटू नये, म्हणून ते असतात. तुमच्या गाडीतले आहेत का, याचा फोटो पुण्याच्या माणसाकडे मागा किंवा तशाच दुसऱ्या गाडीत बघून या. नसतील तर ते परत बसवल्याशिवाय मोठ्या रेडिएटरवर एक रुपयाही घालू नका. हवा बाजूनेच जाणार असेल तर मोठा रेडिएटर काय करणार?

फॅनबद्दल तुम्ही निश्चिंत आहात, कारण बाजारात गाडी तापत नाही. मी एवढ्यावर निश्चिंत होणार नाही. अनेक गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. बाजारात उभ्या गाडीला मंद वेग पुरतो; जोराचा वेग घाटातच लागतो. त्याचा रिले किंवा रेझिस्टर खाऱ्या हवेने गेला असेल, तर एरवी काहीच कळत नाही. कनेक्टर उघडून बघितला की तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. स्कॅनर असलेला कुठलाही इलेक्ट्रिशियन फॅन दोन्ही वेगांवर चालवून दाखवू शकतो.

दमट हवेमुळे गाडी तापते, असं आपल्याकडे म्हणतात. रेडिएटरला दमटपणाने फारसा फरक पडत नाही. पण एसीला पडतो. हवेतली वाफ सुकवायला एसीला जास्त राबावं लागतं, कंडेन्सर जास्त तापतो आणि त्याची गरम हवा थेट मागच्या रेडिएटरवर जाते. घाटात एसी बंद केल्यावर काटा उतरतो, त्याचं कारण हे. इंजिनवरचा भारही कमी होतो.

आता कोन फिल्टर. आवाज छान येतो, हे मान्य. पण तो बोनेटच्या आत उघडा बसलेला आहे आणि घाटात, कमी वेगात, तिथली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते. गरम हवा विरळ असते. तिच्यात डिझेल पूर्ण जळत नाही, धूर काळा होतो आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंचं तापमान वाढतं. एवढा मोठा इंटरकूलर लावून हवा थंड करायची आणि तोंडाशीच गरम हवा घ्यायची, यात काही फायदा नाही. मूळ डबा परत लावा. तो फेंडरकडून बाहेरची हवा घेतो. पावसाळ्यात उडणाऱ्या पाण्यापासूनही तोच जास्त सुरक्षित.

या सगळ्यात नुसत्या काट्यावर विसंबू नका. कंपन्या काटा असा बसवतात की पाणी 75 अंश असो की 105, तो मध्यावरच राहतो, म्हणजे चालक घाबरत नाही. तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. 2013 नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायचं) सॉकेट असतं. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ अडॉप्टर बाजारात स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर खरे आकडे दिसतात. पाण्याचं तापमान 85 ते 100 अंशांच्या दरम्यान असेल तर निवांत राहा. चढणीत थोडा वेळ 105 दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. 110 च्या वर जायला लागलं की पेडल सैल करा, एसी बंद करा. 115 ला थांबाच. आकडे मोबाइलवर तुमच्या शेजारी बसलेल्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही. त्याच अ‍ॅपमध्ये इंजिन आत घेते त्या हवेचं तापमानही दिसतं. कोन फिल्टरवर आणि मूळ डब्यावर दोन्ही वेळा बघा, मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

एक चाचणी मात्र चुकवू नका. एकदा पाणी उसळून गेलं आहे, त्यामुळे हेड गॅसकेट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) शाबूत आहे याची खात्री करून घ्यायला हवी. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होस पाइप दगडासारखा कडक झाला, टाकीत सतत बुडबुडे आले, ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय दिसली किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला, तर ज्वलनाचे वायू पाण्यात शिरत आहेत. गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्टर असतो; टाकीच्या तोंडावर धरला की त्यातला निळा द्रव रंग बदलतो. गॅसकेट गेलं असेल तर रेडिएटर कितीही मोठा घाला, उपयोग नाही. हेड खोलून ते सपाट आहे का बघावं लागेल, गरज पडली तर फेसिंग करावं, म्हणजे ते घासून सपाट करावं लागेल.

आणि मग रीमॅप. हे काम करणारी माणसं मूळ फाइल, म्हणजे कंपनीचं आधीचं सॉफ्टवेअर, सहसा जपून ठेवतात. पुण्याच्या माणसाला फोन करून ती आहे का विचारा आणि काही आठवड्यांसाठी गाडी मूळ फाइलवर आणा. याला हरणं समजू नका. वर सांगितलेली डागडुजी झाल्यावर तोच घाट, तीच वेळ, तेवढंच वजन ठेवून एकदा मूळ फाइलवर आणि एकदा रीमॅपवर चढून बघा, आकडे वहीत लिहा. मूळ फाइलवर 98 अंश आणि रीमॅपवर 103 अंश आलं, तर तुमची गाडी ही ताकद पेलते आहे. मूळ फाइलवरच 110 येत असेल, तर रीमॅप निर्दोष आहे आणि दोष अजून यंत्रणेत दडलेला आहे. मूळवर ठीक आणि रीमॅपवर 115, तर मागितलेली ताकद जास्त आहे. एका वेळी एकच बदल करा, ही मात्र अट. तीन गोष्टी एकदम केल्या की गाडी बरी झाली तरी कशाने झाली ते कळत नाही.

शेवटची शक्यता खरी ठरली, तर मोठा रेडिएटर की कमी ताकद, हा तुमचा मूळ प्रश्न येतो. माझं मत स्पष्ट आहे : ताकद कमी करा. मोठा रेडिएटर पाण्याचं तापमान उतरवेल, पण जास्त डिझेल जाळल्याने सायलेन्सरकडे जाणारे वायू जे तापतात, ते तसेच राहतील. ती उष्णता टर्बोवर (इंजिनमध्ये जादा हवा ढकलणाऱ्या पंख्यावर) आणि पिस्टनच्या माथ्यावर पडते आणि तुमच्या डॅशबोर्डवर तिचा काटाच नाही. आज पाणी तापतंय म्हणून तुम्हाला इशारा तरी मिळतो. काटा गप्प करून तेवढंच पेडल दाबत राहिलात, तर पुढचा इशारा टर्बोच्या शिट्टीचा किंवा त्याहून महाग असेल. तुमच्या गाडीला दहा-बारा वर्षं झाली आहेत, ती आजारी माणसाला घेऊन घाट चढते. 85-88 हॉर्सपॉवरच्या आसपासची, धूर न काढणारी सौम्य फाइल मागून बघा. ओव्हरटेकला जाणवण्याइतका फरक तिच्यातही राहतो.

चालवण्याची सवयही तपासा. रीमॅपनंतर खालच्या आरपीएमला ओढ वाढते, म्हणून माणूस तिसऱ्या गिअरवरच, पेडल दाबून, दीड हजार आरपीएमला वळणं चढतो. आवाज कमी असतो, बरं वाटतं. पण तेव्हा उष्णता जास्तीत जास्त तयार होते आणि वॉटर पंप सावकाश फिरत असतो. दुसरा गिअर घ्या, अडीच हजारांच्या आसपास ठेवा, पेडल अर्धंच दाबा.

कागदोपत्री बाजू थोडक्यात सांगतो, पण ती हलकी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीच्या तपशिलांना बाधा आणणाऱ्या बदलांबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं आहे की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडकू शकतो. गाडी वडिलांच्या नावावर आहे; उत्तर द्यायची वेळ आली तर ते त्यांना द्यावं लागेल.

म्हणूनच बाबांना सांगा. लपवल्याचा बोल लावण्यासाठी मी हे लिहीत नाही. तेही ही गाडी चालवतात. गाडी जुनी झाली, एवढंच त्यांना वाटत असेल, तर काटा वर गेल्यावर ते बाजूला घेऊन झाकण उघडतील आणि वर पाणी ओततील, जसं पूर्वीच्या गाड्यांना करायचे. दाबाखालचं 110 अंशांचं पाणी झाकण फिरवताच वाफ होऊन तोंडावर येतं. ‘बाबा, मी गाडीत बदल केलेत, तिला आता घाटात वेगळं सांभाळावं लागतं, मी दाखवतो’ एवढं म्हणा आणि बोनेट उघडून दाखवा. ते रागावतील कदाचित. तरीही सांगा.

काटा चढला तर काय करायचं ते दोघांनीही पाठ करून ठेवा. एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात, खिडक्या उघड्या. हीटर म्हणजे आतला छोटा रेडिएटरच आहे. वळणावर थांबू नका, रुंद जागा बघून बाजूला घ्या, इंडिकेटर लावा. वाफ नसेल आणि फॅन चालू असेल तर इंजिन दोन-चार मिनिटं तसंच चालू ठेवा, म्हणजे पाणी फिरत राहतं. वाफ दिसली किंवा आकडा वाढतच राहिला तर लगेच बंद. पुढचा अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावायचा नाही. गरम इंजिनवर बाहेरून थंड पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. होस पाइप हाताला कोमट लागला की जाड फडक्याने झाकण थोडंथोडं फिरवत दाब सोडा, मग पाणी घाला. घाटात अनेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा पाच लिटर स्वच्छ पाणी आणि फडकं डिकीत असू द्या. चाकामागे दगड लावलात तर निघताना तो उचलून कडेला टाका; तसेच सोडलेले दगड रात्री दुचाकीवाल्यांना दिसत नाहीत.

अशीच पत्रं पेट्रोल टर्बो गाड्यांच्या मालकांकडूनही येतात, त्यांच्यासाठी एवढंच : रीमॅप जास्त ऑक्टेनच्या इंधनावर बेतलेलं असेल आणि आडगावच्या पंपावर साधंच पेट्रोल मिळत असेल, तर भाराखाली इंजिनमधून कडकड आवाज येतो का ऐका. त्या आवाजासह चढत राहिलात तर पिस्टन जातो. मोठ्या डिझेल एसयूव्हीत बेल्टवर फिरणारा फॅन असेल तर त्याचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापल्यावर फॅनला पकडून जोरात फिरवणारा भाग) तपासा. इंजिन गरम असताना फॅन जोर धरतो की नुसताच गरगरतो ते बघा. आणि ग्रिलपुढे जादा दिवे, मोठ्या पाट्या लावल्या असतील तर आधी त्या काढून बघा. समुद्राच्या वाळूत गाडी घालून खारं पाणी उडालं असेल, तर त्याच दिवशी रेडिएटर गोड्या पाण्याने धुवा.

आणि तुमच्या आईचं. थर्मोस्टॅट, कूलंट, झाकण, सफाई, फॅन आणि गॅसकेटची चाचणी हे सगळं होऊन एकट्याने, रिकाम्या गाडीने घाट चढून आकडे बघेपर्यंत त्यांना या गाडीतून कोल्हापूरला नेऊ नका. पुढची तारीख जवळ असेल तर रत्नागिरीहून एसटी आहे, किंवा गावातली एखादी गाडी भाड्याने घ्या.